रंगुबाईची हरकत

दिवाळीच्या पणत्यांतलं तेल सुकायच्या आत माळवस्तीला कुलपं लागतात. खर्ड्यापासून आत, डोंगराच्या उतरणीला बोरदरा म्हणून गाव आहे आणि गावाचा ओढा ओलांडून वर चढलं की मुरमाड माळावर ही वस्ती. ट्रक येतात, भांडीकुंडी, अंथरुणं, कोंबड्या आणि काखेतली लेकरं घेऊन टोळ्या ऊसतोडीला निघून जातात. कडीला कुलूप, उंबऱ्यापुढं बाभळीची काटेरी फांदी. मागं उरतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि रंगुबाई.

रंगुबाई कुणाची कोण, हे वस्तीवर कुणी विचारत नसे. ती सगळ्यांची आत्या होती. अजिनाथची थोरली बहीण, एवढंच तिचं रक्ताचं नातं. बाकीचं सगळं तिनं हातानं मिळवलेलं. तिला दिली होती घोडेगावच्या पलीकडं. नवरा जनावरांच्या बाजारात दलाली करायचा. मूल झालं नाही म्हणून त्यानं दुसरी आणली आणि दुसरी आल्यावर पहिलीला चुलीपुढंसुद्धा जागा राहिली नाही. अजिनाथला तेव्हा नुकती मिसरूड फुटली होती. तो एकटा घोडेगावला गेला, बहिणीची ट्रंक डोक्यावर घेतली आणि भर बाजारातून, सगळ्यांच्या देखत तिला एसटीत बसवून घेऊन आला. वाटेत तिनं विचारलं, "लोक काय म्हनतील?" तो म्हणाला, "लोकांच्या घरी न्हाई चाललो आपून."

त्या एका वाक्याच्या आधारावर ती राहिली. बाप गेला, आई गेली, अजिनाथचं लग्न झालं, पुष्पावती घरात आली, मुलं झाली. अजिनाथ-पुष्पावती तोडीला जायची तेव्हा त्यांची मुलं आत्याजवळ. मग शेजारच्या घरची दोन आली, मग त्याच्या पलीकडची. बायका ट्रकमध्ये बसण्याआधी पोरांना तिच्या ओट्यावर आणून सोडायच्या. "आत्या, बघ गं," एवढंच म्हणायच्या आणि मागं वळून न बघता चालू लागायच्या, कारण वळून बघितलं तर पाय निघत नसे. रंगुबाई पहाटे उठून परातभर पीठ मळायची. कुणाचं डोकं विंचरायचं, कुणाला ताप आला तर खर्ड्याच्या दवाखान्यात न्यायचं, कुणी रात्रीचं आईसाठी रडलं तर त्याला पोटाशी घेऊन पडायचं. तिच्या हाताखालून गेलेली पोरं आता बाप्ये झाली होती. वाल्मिक त्यांतलाच एक.

ग्रामपंचायतीत वस्तीचा एक वॉर्ड होता. अख्खी वस्ती एका वॉर्डात, त्यामुळं पंचायतीत वस्तीची माणसं जायचीच. गेल्या खेपेला वाल्मिक निवडून गेला होता. त्यानं फार मोठं काही केलं नाही. पाण्याचा टँकर आधी गावठाणात रिकामा व्हायचा, उरलंसुरलं माळावर यायचं; तो टँकर त्यानं आधी माळावर चढवला. ओढ्यावर सिमेंटच्या नळ्या टाकून घेतल्या, त्यामुळं पावसाळ्यात पोरांची शाळा बुडायची थांबली. पण माळवस्तीच्या मानानं हे खूप होतं.

त्या वर्षी टोळ्या गेल्या आणि थोड्याच दिवसांत पंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला. रंगुबाई दळण घेऊन परत चालली होती. भिंतीपुढं दोघंतिघं उभे होते म्हणून तीही थांबली. मोबाईलमध्ये दिसतो तसा वरून काढलेला गावाचा फोटो होता, त्यावर तांबड्या रेघा ओढलेल्या. तिला चौथीपर्यंतची अक्षरं येत होती, पण नकाशा काही कळेना. तिनं ग्रामसेवकाला विचारलं.

"नवी प्रभागरचना आहे, आत्या," तो म्हणाला. तोही तिला आत्याच म्हणायचा. "आधी ओढा ही हद्द होती. आता रेघ वस्तीच्या मधल्या वाटेनं गेलीय. निम्मी वस्ती एक नंबर वॉर्डात, निम्मी दोन नंबरात."

"म्हंजी हापशाच्या अल्याड एक आन् पल्याड एक?"

"हां. तुमचं घर एकमध्ये. समोर कडूबाईंचं दोनमध्ये."

"आन् त्या दोन्हीत गावठान किती?"

ग्रामसेवक जरा घुटमळला. "दोन्हीत गावठाण जास्त आहे," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हरकत घ्यायची असेल तर तहसीलला द्यावी लागंल. मुदत थोडी आहे."

घरी येऊन तिनं वाल्मिकला फोन लावला. तो कर्नाटकात कुठल्याशा उसाच्या फडात होता, मागं ट्रॅक्टरचा आवाज चालू होता. सगळं ऐकून घेतल्यावर तो ट्रॅक्टरपासून जरा लांब गेला.

"आत्या, आमी सगळी हितं आलो तवाच बरं लागला ह्यो नकाशा," तो म्हणाला. "टोळी मोडून मला येता येत न्हाई. तू दे हरकत. तुजं नाव हाय यादीत. दरखेपी मत टाकतीस की."

"मला काय कळतं त्यातलं?"

"जे हाय ते सांग. दुसरं काय न्हाई."

तिनं हरकत दिली. वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना विचारलं होतं तिनं, पण कुणाचं घरकुल अडकलेलं, कुणाचा नातू पंचायतीच्या कामावर, कुणाला नुसतीच भीती. कडूबाई म्हणाली, "तू जा, मी पाठीमागं हाय." पाठीमागं म्हणजे ओट्यावर बसून. प्रांतसाहेबांपुढं सुनावणी झाली तेव्हा बोरदऱ्याचं नाव पुकारल्यावर एकटी रंगुबाई उठली. समोरच्या रांगेत सूर्यभान बसला होता. सूर्यभान म्हणजे गावातलं वजनदार माणूस. आवाज कधी चढवायचा नाही, कुणाच्याही मयतीला सगळ्यांच्या आधी हजर. त्यानं तिला बघून हात जोडले.

"काय म्हणणं आहे, बाई?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, आमची वस्ती एक हाय. एका हापशावर पानी भरतो. ती मधनं चिरू नका," ती म्हणाली. "आन् ज्यांची वस्ती, ती समदी तोडीला गेलीत. ती आल्यावर इचारा त्यास्नी."

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. सगळ्या वॉर्डांची लोकसंख्या सारखी करावी लागते, असं समजावलं. कायद्यानं ठरलेली तारीख कुणासाठी थांबत नाही, असंही म्हणाले. पुढं काही दिवसांनी कळलं, हरकत फेटाळली.

खर्ड्यात पीरमहंमद म्हणून शिंपी आहे. रंगुबाईची पोलकी त्याच्याकडंच शिवली जायची. त्याची मुलगी कैनात वकील झाली होती आणि संभाजीनगरला हायकोर्टाच्या खंडपीठात काम बघायची. ती घरी आली असताना पीरमहंमदनं रंगुबाईला बोलावून घेतलं. कैनातनं सगळं ऐकलं, हरकतीची प्रत वाचली आणि म्हणाली, "मावशी, याचिका करू. माझी फी वगैरे काही नको. पण एक समजून घ्या. कोर्ट आधी, काय चुकलं, हे विचारत नाही. आधी विचारतं, तुम्ही कोण? तुमचा या गोष्टीशी संबंध काय? तुमचं स्वतःचं काय बिघडलं? त्याचं उत्तर नीट असेल तरच पुढचं ऐकून घेतात."

रंगुबाईला ते पटलं. "बराबर हाय," ती म्हणाली. "वाटंवरच्या मानसानं येऊन भांडू न्हाई."

"तुम्ही तिथं राहता, यादीत नाव आहे, हरकत तुम्हीच घेतली होती. तुमचा संबंध पक्का आहे."

रंगुबाई हसली. आपला संबंध पक्का आहे, असं तिला आजवर कुणी शब्दांत सांगितलं नव्हतं. त्या आनंदात ती खर्ड्याहून पोरांसाठी भेळ घेऊन गेली.

फेब्रुवारी सरता सरता टोळ्या परतल्या. कुलपं निघाली, चुली पेटल्या, रापलेल्या चेहऱ्यांनी वस्ती भरून गेली. वाल्मिकनं येऊन आत्याच्या पायाला हात लावला. संध्याकाळी बायका तिच्या ओट्यावर जमल्या, तिनं हायकोर्टाची इमारत कशी असते, ते सांगितलं. ती तिनंही अजून बघितली नव्हती, कैनातनं सांगितलेलंच सांगितलं. अजिनाथ मात्र परतल्यावर थोड्याच दिवसांत गप्प गप्प राहू लागला. त्याची पाठ धरली होती. एवढ्या वर्षांत तिनं त्याला इतकं वाकलेलं पाहिलं नव्हतं. ती त्याच्या पाठीला गरम मीठ बांधून शेकायची आणि तो भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा.

"लई दुखतंय का?"

"न्हाई अक्का. ऱ्हाऊ दे."

सुनावणीची तारीख लागली तेव्हा वाल्मिक तिला घेऊन जाणार होता, पण ऐन दिवशी त्याच्या सासऱ्याला दवाखान्यात हलवलं. मग ती एकटीच पहाटेच्या एसटीनं निघाली. अजिनाथ तिला थांब्यापर्यंत सोडायला आला. गाडी आली तेव्हा त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग नुसतंच म्हणाला, "सांभाळून जा."

कोर्टात काळे कोट, पंख्यांचा आवाज आणि इंग्रजी. ती मागच्या बाकावर पदर सारखा करत बसली होती. बोरदऱ्याचं प्रकरण आलं तेव्हा कैनात उभी राहिली आणि बोलू लागली. पोरगी सुरेख बोलते, असं रंगुबाईला न समजताही वाटलं. मग नव्या नकाशाच्या बाजूनं कोर्टात उतरलेल्या सूर्यभानचे वकील उठले. वयस्क गृहस्थ होते, हळू बोलत होते. त्यांनी दोन कागद पुढं केले. कैनातनं ते वाचले आणि मान वळवून रंगुबाईकडं बघितलं. त्या बघण्यात काहीतरी बिघडल्याचं रंगुबाईला लगेच कळलं. कैनातनं न्यायमूर्तींकडं वेळ मागितला. दुपारच्या सुट्टीनंतर पुन्हा घेऊ, असं ठरलं.

बाहेर, लिंबाखालच्या कट्ट्यावर कैनातनं तिला बसवलं.

"मावशी, अजिनाथ तुमचे कोण?"

"धाकटा भाऊ. का गं?"

"तुमचं नाव सासरच्या यादीतही राहून गेलंय. इतक्या वर्षांत कुणी काढलंच नाही. तसं बऱ्याचदा होतं, सुधारता आलं असतं. पण ते दाखवून कुणीतरी इथल्या यादीतलं तुमचं नाव काढायला अर्ज केला. तुम्ही घरात नसताना चौकशीला माणूस येऊन गेला. त्याच्यासमोर तुमच्या भावानं लिहून दिलंय."

"काय लिवलंय?"

कैनातला ते वाचावंसं वाटत नव्हतं. पण रंगुबाईनं कागदाकडं हात केला, तेव्हा तिनं वाचलं. "सदर महिला माझी बहीण असून तिचे सासर नेवासा तालुक्यात आहे. ती माझ्या घरी कायम राहत नाही. अधूनमधून पाहुणी म्हणून येऊन-जाऊन असते." खाली सही होती. अजिनाथचं नाव लिहिताना 'थ' नेहमी ओळीखाली जायचा. सही करायला त्याला रंगुबाईनंच शिकवलं होतं.

तिनं कागद हातात घेऊन त्या 'थ'वर बोट ठेवलं. समोरून वकील चहा पीत चालले होते.

"यावरून यादीतलं नाव काढलंय," कैनात म्हणाली. "आता ते म्हणतात, ही बाई तिथली मतदार नाही, रहिवासीही नाही, तेव्हा हिला ही याचिका करायचा अधिकारच नाही. मावशी, आपण याला उत्तर देऊ शकतो. शाळेत तुम्ही पोरांच्या पालक म्हणून सह्या केल्यात, रेशनचं आहे, दवाखान्याचं आहे. तुम्ही एवढंच सांगा, की भावानं लिहिलंय ते खोटं आहे. मी वेळ मागून घेते, सगळं दाखल करते."

"खोटं हाय म्हनलं, तर त्याला काय हुईल?"

कैनात खोटं बोलू शकली असती. ती बोलली नाही. "सरकारी चौकशीत खोटं लिहून दिलं, असं ठरलं तर त्यांच्यावर कारवाई होऊ शकते. होईलच असं नाही. पण ते वकील सोडणार नाहीत. तुमच्या भावालाच इथं उभं करतील."

"हितं? ह्या समद्यांपुढं?"

"हो."

रंगुबाई कट्ट्यावर बसून राहिली. भर बाजारातून डोक्यावर ट्रंक घेऊन चाललेला पोरगा तिच्या डोळ्यांपुढं आला. लोक हसत होते, कुणी काही बोलत होतं, आणि तो ताठ मानेनं चालला होता. तोच आता पाठीतून मोडलेला, टोपी हातात धरून या काळ्या कोटांपुढं उभा राहील. सगळे विचारतील, तू खोटं का लिहिलंस? आणि त्याला तोंड उघडता येणार नाही. त्यानं का लिहून दिलं, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. कुणीतरी धाक घातला असेल, असं तिनं धरलं.

"तू भाकर खाल्लीस का?" तिनं कैनातला विचारलं. कैनातनं नकारार्थी मान हलवली. रंगुबाईनं पिशवीतून भाकरी-चटणी काढून निम्मी तिच्या हातावर ठेवली. स्वतः खाल्ली नाही.

दुपारी पुन्हा पुकारा झाला. कैनात म्हणाली, अशिलाला दोन शब्द बोलायचे असतील तर परवानगी असावी. न्यायमूर्तींनी चष्मा काढून रंगुबाईकडं पाहिलं आणि मराठीत विचारलं, "बाई, त्या गावाशी तुमचा संबंध काय?"

तिच्या मनात सगळं आलं असेल. परातीतलं पीठ, ताप आलेली पोरं, हापशावरची रांग. ती हात जोडून उभी राहिली.

"भावानं लिवलंय तसंच हाय, साहेब."

"म्हणजे तुम्ही तिथं कायम राहत नाही?"

"न्हाई."

कैनातनं डोळे मिटून घेतले. न्यायमूर्तींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी निकाल सांगायला सुरुवात केली. तो इंग्रजीत होता. कैनातनं नंतर सांगितलं, त्याचा अर्थ असा होता, की अर्जदार त्या गावची मतदारही नाही आणि रहिवासीही नाही, म्हणून वॉर्डाच्या रचनेविरुद्ध दाद मागण्याचा तिला अधिकार पोहोचत नाही. रचना बरोबर की चूक, याबद्दल कोर्टानं काहीच म्हटलं नव्हतं. तिथपर्यंत गोष्ट गेलीच नव्हती.

कैनातनं त्याच आठवड्यात वाल्मिकच्या नावानं दुसरी याचिका तयार केली. तो मतदार होता, वस्तीचाच होता, त्याच्या संबंधाबद्दल कुणाला काही म्हणता आलं नसतं. पण ती दाखल होईतो निवडणूक जाहीर झाली आणि एकदा निवडणूक जाहीर झाली की कोर्ट मध्ये हात घालत नाही. निवडणूक झाल्यावर या, असं सांगण्यात आलं.

भावाच्या कागदाचं रंगुबाईनं कैनातला कुणाला सांगू दिलं नव्हतं; वस्तीला एवढंच कळलं, की आत्याला कोर्टानं विचारलं आणि आत्यानं वस्तीची बाजू घेतली नाही. सूर्यभानच्या माणसांनी ते चवीनं सांगितलं. हायकोर्टात म्हणे बाईनं स्वतःच कबूल केलं, मी तिथली नाही. वाल्मिक ओट्यावर येऊन बसला, दोन वेळा विचारलं, "आत्या, का गं असं?" ती म्हणाली, "भ्याले रं." तो उठून गेला. त्यानंतर तो येईनासा झाला. कडूबाई मात्र हापशावर सगळ्यांदेखत बोलली.

"तुजं तोंड कुनी शिवलं हुतं, रंगे? तुज्या जिवावर आमी सारी गप बसलो आन् तू तिथं जाऊन पाव्हनी झालीस?"

रंगुबाईनं कळशी उचलली आणि घराकडं गेली. घरात अजिनाथ होता. त्यानं ते ऐकलं होतं. हापसा काही लांब नव्हता. ती चुलीपुढं बसली. त्याला जेवायला वाढलं. तो घास कालवत राहिला, खाल्लं नाही. तिला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, "कालवनात मीठ बरं हाय."

मतदानाच्या दिवशी कडूबाईला धरून न्यायला कुणी नव्हतं. तिची नजर गेलेली. राग असो नसो, रंगुबाईच तिचा हात धरून शाळेपर्यंत घेऊन गेली. शाळेत दोन खोल्यांपुढं दोन रांगा होत्या, एक नंबर आणि दोन नंबर. एकाच गल्लीतली माणसं दोन रांगांत उभी होती आणि दोन्ही रांगांत गावठाणची माणसं जास्त. कडूबाईला दोन नंबरच्या दारापाशी सोडताना शिपायानं विचारलं, "तुमची चिठ्ठी?" रंगुबाई म्हणाली, "मला न्हाई मत." मग ती भिंतीच्या सावलीला जाऊन उभी राहिली. तिनं न्हाऊमाखू घातलेली पोरं बोटाला शाई लावून एकेक करून बाहेर येत होती. काही जणांनी तिच्याकडं बघितलं, काहींनी बघायचं टाळलं. अजिनाथ बाहेर आला तो दुसऱ्या बाजूनं निघून गेला.

निकालात वाल्मिक पडला. दोन नंबरात वस्तीनं उभी केलेली बाईही पडली. पंचायतीत माळवस्तीचं कुणी राहिलं नाही. वैशाखात टँकर सुरू झाला तो आधी गावठाणात थांबू लागला, मग थोडंफार पाणी घेऊन संध्याकाळी माळावर यायचा, नाहीतर यायचा नाही. हापशावर भांडणं होऊ लागली. पूर्वी भांडणं झाली की ती रंगुबाईच्या ओट्यावर येऊन मिटायची. आता ओट्यावर कुणी येत नव्हतं.

असल्याच एका दिवशी, पाण्यावरून डोकं उठलेलं असताना पुष्पावती बोलून गेली. वाईट बाई नव्हती ती. आयुष्यभर नवऱ्याबरोबर ऊस तोडला, जे मिळेल ते नणंदेच्या हातावर आणून ठेवलं. पण त्या दिवशी तिच्याही पोटात राहिलं नाही.

"अक्का, तुमी त्यांच्यावर डूख धरू नका," ती म्हणाली. "सूर्यभानभाऊ आले हुते. म्हनले, एकदा का हायकोर्टानं लिवलं, का ही ह्या घरची कायमची रहिवासी हाय, मंग उद्या बहीन रानात वाटा मागंल. सातबाऱ्याला तिचं नाव हायच. ह्यांना दोन ल्योक. दीडदोन एकराचं काय करायचं त्यांनी? भ्याले वो ते. तुमी मागाल, म्हनून न्हाई, कुनी तरी तुमच्या नावानं मागंल, म्हनून."

रंगुबाईच्या हातात निवडायला घेतलेले हुलगे होते. ती निवडत राहिली. धाक असेल, पोरांवर काही संकट आणलं असेल, असं तिनं आजवर मनाशी धरलं होतं. त्या समजुतीवर तिनं कोर्टातलं ते वाक्य पेललं होतं. आता ती समजूतही गेली.

"मला इचारायचं हुतं त्यानं," ती एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं अजिनाथला उठवलं. "चल, जामखेडला जाऊ. हक्क सोडून देते." तो नको म्हणाला, दोनतीनदा म्हणाला, पण त्याच्या नको म्हणण्यात जोर नव्हता आणि ते दोघांनाही कळलं. रजिस्ट्रारच्या कचेरीत बरीच गर्दी होती. नंबर आला तेव्हा साहेबांनी तिला विचारलं, "राजीखुशीनं सोडताय ना? कुणाचा दबाव नाही?" ती म्हणाली, "राजीखुशीनं." अंगठ्याचे ठसे झाले, फोटो काढला, सही झाली. अजिनाथनं सही भलत्याच रकान्यात केली आणि कागद खराब झाला. पुन्हा दुसरा काढावा लागला.

स्टँडवर चहा पिताना तो रडू लागला. आवाज न करता, तोंड टोपीत खुपसून. शेजारच्या टेबलावरची माणसं बघू लागली. रंगुबाईला वाटलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवावा. हात निघाला नाही. तिला त्याचंच वाईट वाटलं; आयुष्यात पहिल्यांदा तो रडत होता आणि तिच्यानं त्याला जवळ घेववत नव्हतं.

"अक्का, माजं चुकलं."

"व्हय," ती म्हणाली.

"घरी चल."

"न्हाई. धनश्रीकडं जाते सुप्याला. तिला दिवस गेलेत, तिची ड्युटी असती, बघायला कोन न्हाई."

धनश्री त्याचीच मुलगी. सुप्याच्या एमआयडीसीत कारखान्यात नवरा-बायको दोघं कामाला होती, तिथंच भाड्याच्या खोलीत राहायची. आत्यानं यावं म्हणून ती कधीची मागं लागली होती. रंगुबाई आपली लुगडी गाठोड्यात बांधून घेऊनच निघाली होती, हे अजिनाथच्या आता ध्यानात आलं. नगरची गाडी लागली. तिनं खिडकीशी जागा धरली. तो धावत कुठूनतरी एक पिशवी घेऊन आला आणि खिडकीतून तिच्या मांडीवर सरकवली. गाडी हलली तरी तो थोडा वेळ सोबत चालत राहिला, मग पाठ धरली म्हणून थांबला.

पिशवीत लिमलेटच्या गोळ्या होत्या, एक बिस्किटाचा पुडा आणि स्टँडवरच्या दुकानातली नवी चप्पल. मापाला मोठी होती. तिनं ती तशीच पायात घातली.

आता ती सुप्यातच असते. धनश्रीला मुलगी झाली. रंगुबाई तिला न्हाऊ घालते, अंगाला तेल लावते, पाळण्यात टाकून खिडकीतून कारखान्याच्या बसची वाट बघते. खोलीच्या आजूबाजूला बिहारची, लातूरची, कुठली कुठली बिऱ्हाडं आहेत. त्यांचीही पोरं हळूहळू तिच्याकडं येऊन बसू लागली आहेत. कैनात एकदा मुद्दाम भेटायला आली होती. ती म्हणाली, "मावशी, निदान यादीत नाव तरी पुन्हा घालू. इथं घालू, तुम्ही म्हणाल तर बोरदऱ्याला. आता कुणी अडवणार नाही."

रंगुबाईनं पोरीला खांद्यावर घेतलं होतं. ती जरा वेळ थोपटत राहिली.

"बोरदऱ्याला घालायचं तर कुनाच्या घरचं म्हनून लिवायचं?" तिनं विचारलं.

कैनातनं अर्जाचे कागद परत पर्समध्ये ठेवले. रंगुबाईनं तिला जेवूनच जाऊ दिलं.